ब्रह्मचाऱ्यांच्या मठातला पाळणा

संग्रहालय म्हटलं की माझे पाय आधी दुखायला लागतात, डोळ्यांपर्यंत गोष्ट पोचतच नाही. याला कारण आमचे हे. नोकरीत असताना यांनी जन्मभर पूल तपासले आणि निवृत्त झाल्यापासून काचेमागच्या वस्तूंच्या पाट्या तपासतात. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, एकही न सोडता, आणि वर मला मोठ्यानं वाचून दाखवत. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरहून माझी कॉलेजातली मैत्रीण मीना फोनवर म्हणाली, "वेरूळ-अजिंठा तुमचं झालंय, या वेळी तुम्हाला फुलंब्रीच्या पुढं एका जुन्या मठातलं संग्रहालय दाखवते," तेव्हा मी फोन घाईनं कानापासून लांब धरला. पण यांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. सांगलीहून निघायची तयारी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

शुक्रवार, शहरात

बसच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. बस हलत होती आणि मी तिच्याबरोबर हलत होते, एवढं पुरे. मीनाच्या घरी पाऊल ठेवलं आणि चहाच्या आधी पाण्याची हकिगत कळली. नळाला पाणी काल येऊन गेलं होतं, आता पुन्हा कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक. मोरीत, जिन्याखाली, गच्चीवर, जागा दिसेल तिथं निळी पिंपं भरून ठेवलेली.

"सुधे, अंघोळ कर, पण सांगलीसारखी करू नको," मीना म्हणाली.

आम्ही कृष्णाकाठचे. आमच्याकडं पावसाळ्यात नदी न बोलावता स्वयंपाकघरापर्यंत येते, आणि इथं पाणी यायचं म्हणून माणसं कामावरून रजा काढतात. मी दोन तांब्यांत अंघोळ उरकली आणि उगाचच आपण फार गुणी बाई असल्यासारखं मला वाटलं.

दुपारी मीनानं आम्हाला जुन्या शहरात नेलं. या शहरात रस्ता विचारला की लोक दरवाजे सांगतात. या दरवाजातून आत जा, त्या दरवाजाच्या अलीकडं वळा. दरवाजे खरेच आहेत, जुने, दगडी, आणि त्यांच्या पोटातून रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या व्हॅन सगळं एकमेकांना घासत जात असतं. अशा एका दरवाजाच्या आत नान-खलिया मिळतो. ताटाएवढा मोठा, वरून पिवळाधमक नान आणि वाडग्यात लाल तर्री आलेलं मटण. मी आपली सवयीनं रश्शात चमचा घालून भुरकायला लागले, तर शेजारच्या बाकावरचे एक दाढीवाले चाचा अस्वस्थ झाले. बराच वेळ त्यांनी सहन केलं, मग राहवलं नाही, थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणाले.

"बाजी, चम्मच बाजू में रखो. नान तोडके डुबाओ, जरा भिगने देव, फिर खाओ."

तसं केलं. चाचांनी पहिला घास माझ्या तोंडात जाईपर्यंत नजर हलवली नाही आणि मी मान डोलावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, की जणू त्यांनीच रांधला होता. आमच्या तांबड्या रश्शाचा मला भारी अभिमान आहे. तो नाकातोंडातून पाणी काढतो. खलिया तसं काही करत नाही, तो गुपचूप पोटात जाऊन बसतो आणि मग अजून मागायला लावतो. यांनी दोन नान खाल्ले आणि तिसऱ्यासाठी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघत होते.

शनिवार, गोसाव्याची पिंपरी

पिंपरी नावाची गावं पायलीला पन्नास, त्यामुळे आम्ही आधी चुकीच्या पिंपरीत गेलो. तिथल्या लोकांनी आम्हाला पारावर बसवलं, चहा पाजला, कुणाचे कोण याची चौकशी केली आणि हे सगळं झाल्यावर सांगितलं, की मठाची पिंपरी ती ही नव्हे. आधी सांगितलं असतं तर पाव्हणे चहा न घेताच गेले असते, असा त्यांचा सरळ हिशेब.

खऱ्या पिंपरीचा रस्ता कपाशीच्या आणि आल्याच्या शेतांमधून जातो. डिसेंबरचं ऊन, गार वारा, आल्याच्या काढणीला बसलेल्या बायका, आणि खिडकीची काच खाली केली की तो ओल्या मातीत मिसळलेला तिखट वास. मी मीनाला गाडी उगाचच दोनदा थांबवायला लावली.

मठ गावाच्या टोकाला आहे. काळ्या दगडाचा, बाहेरून गढीसारखा, आत मात्र मोकळं अंगण, मधोमध गोसाव्यांच्या समाध्या, आणि चारी बाजूंनी ओसऱ्या नि कोठड्या. हे गोसावी ब्रह्मचारी होते, पण नुसते माळ ओढत बसणारे नव्हते. घोडे बाळगायचे, शालींचा व्यापार करायचे, तलवारी चालवायचे. शेवटचे महंत चेला न करताच गेले, मठ ओस पडला, तेव्हा गावानं विश्वस्त मंडळ नेमून तिथं आसपासच्या मुलखाचं संग्रहालय केलं. घोड्यांच्या पागेत आता पेरणीच्या तिफणी, मोटा आणि हिमरू शालींचा एक माग आहे. कोठड्यांमध्ये निजामाच्या वेळचे शिक्के, उर्दू शाळेची क्रमिक पुस्तकं, रोहिल्याची एक जंग खाल्लेली बंदूक.

आम्हाला सगळं दाखवलं ते तिथल्या संग्रहपालानं. मिलिंद त्याचं नाव. याच गावातल्या बौद्ध कुटुंबातला, चाळिशीला टेकलेला, उंचापुरा, चष्मा लावणारा. शहरात या विषयाचं रीतसर शिक्षण घेऊन तो परत गावात आला आणि गावभर हिंडून घरोघरच्या माळ्यांवरून या वस्तू त्यानं गोळा केल्या. माणूस मोठा प्रेमळ, पण वस्तूंच्या बाबतीत कडक. याचा प्रसाद मला लगेचच मिळाला. पाय दुखले म्हणून मी एका सुबक बाजेवर टेकले.

"मॅडम," तो अगदी अदबीनं म्हणाला, "ती वस्तू आहे."

मी ताडकन उठले. आमचे हे खाली वाकून त्या बाजेची पाटी वाचत होते आणि त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. याबद्दल यांना संध्याकाळी ऐकवलं.

पण मला एक गोष्ट आवडली. इथं वस्तू दिलेली माणसं ती दिली असं मानतच नाहीत. एका तिफणीजवळ दोरीच्या बाहेर ताजी झेंडूची फुलं होती. तिफण देणाऱ्या म्हाताऱ्याचं नुकतंच वर्षश्राद्ध झालं, मुलगा येऊन वाहून गेला, मिलिंद म्हणाला. आमच्याकडं अशी वस्तू दिली की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि विषय संपतो. इथं सोयरे घरी आले की त्यांना जेवायच्या आधी संग्रहालयात आणून आपली तिफण दाखवतात. हे ऐकल्यावर माझे पाय दुखायचे थांबले, आणि यांच्याबरोबर मीही पाट्या वाचायला लागले. यांनी काही न बोलता माझ्यासाठी थोडं सरकून जागा केली.

शेवटी आम्ही पूर्वेच्या ओसरीत आलो आणि मी हसलेच. तुळईला पितळी साखळ्यांनी टांगलेला सागवानी पाळणा. चार कोपऱ्यांना चार लाकडी पोपट, रंग उडालेले.

"ब्रह्मचाऱ्यांच्या मठात पाळणा?"

"सगळे हेच विचारतात," मिलिंदही हसला. "दुष्काळात, पटकीच्या साथीत लोक रात्रीचे मठाच्या दारात लेकरं ठेवून जायचे. गोसावी ती सांभाळायचे, मोठी झाली की चेले करायचे. लेकरू कुणाचं, कोणत्या जातीचं, विचारायची रीत नव्हती. विचारणार तरी कुणाला? त्या लेकरांसाठी हा पाळणा."

त्यात निजलेली लेकरं जगली, म्हणून पाळण्याचं नाव झालं. पुढं गावात कुणाकडं बारसं असलं की मठातून हा पाळणा त्या घरी जायचा, पहिल्यांदा बाळ यातच निजायचं.

"गावात सगळ्यांकडं?" मी विचारलं.

"बहुतेक," तो म्हणाला, आणि पुढच्या वस्तूकडं वळला.

तेवढ्यात अंगणात बांगड्या वाजल्या आणि चार-पाच बायका आत आल्या. पुढं होत्या त्या गयाबाई, पंचाहत्तरीच्या, नऊवारीतल्या, आवाज असा की पागेतली कबुतरं उडाली.

"मिलिंदा, उद्या तुझ्या लेकीचं बारसं हाय ना? हितंच करायचं. ह्याच पाळण्यात. आमी बायांनी ठरवलंय."

मिलिंदचा चेहरा पडला. "आजी, पाळणा आता वस्तू हाय. वस्तू वापरायची नाय, हा नियम म्याच केला. मागल्या वर्षी तुमच्या पणतूला नाय म्हणलो. आता माझ्या पोरीला व्हय म्हणलो तर गाव काय म्हणंल? घरच्यासाठी नियम मोडला?"

"म्हणूनच तर आले. तुझी पोरगी निजली की माझ्या पणतूचा रस्ता मोकळा!"

सगळ्या हसल्या. मिलिंद हसला नाही. त्याची अडचण मला समजत होती. लोकांनी आपल्या बापजाद्यांच्या वस्तू ज्याच्या शब्दावर दिल्या, त्याचा शब्दच पातळ झाला तर उद्या कोण काय देईल? पण हे सगळं बोलायला त्याला अवघड गेलं असावं. त्यानं सोपी पळवाट काढली.

"आणि लाकूड बी लई जुनं हाय. मोडका पाळणा. लेकराला लागलं म्हणजे?"

"तवा बी हेच सांगितलं व्हतं," दारातून आवाज आला.

मिलिंदची आई, शांताबाई, त्याचा डबा घेऊन आली होती. साठीच्या पुढची किरकोळ बाई. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं डबा कट्ट्यावर ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं. मिलिंदच्या वेळी ती बाराव्या दिवसाची ओली बाळंतीण, स्वतः चालत मठाच्या मागच्या दाराला आली होती, पाळणा मागायला. मठाच्या कारभाऱ्यानं सांगितलं होतं, की पाळणा मोडलाय, सुताराकडं द्यायचाय.

मग गयाबाईच बोलल्या, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"मोडला नव्हता, शांते. त्याच महिन्यात आमच्या थोरलीच्या लेकराला आणला व्हता. म्या बघत व्हते तू परत जाताना. एक शबूद बोलले नाय."

"माहीत हाय मला," शांताबाई म्हणाल्या. मग मुलाकडं वळून, "नाय जमत तर ऱ्हाऊ दे, बापू. घरी लुगड्याची झोळी बांधू. तू बी झोळीतच निजलास, वाढलास की ताडामाडावाणी. डबा गरम हाय तवर खाऊन घे."

आणि त्या गेल्या. मिलिंद पाळण्याकडं पाठ करून उभा राहिला. मी आयुष्यात पुष्कळ माणसं गप्प झालेली पाहिली आहेत, पण आपल्याच तोंडून तेच जुनं उत्तर निघालेलं ऐकून गप्प झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मला रडू आलं. मीनानं माझा हात धरला.

अशा वेळी आमचे हे खाकरले. यांना प्रसंगाचं भान नसतं असं माझं इतकी वर्षं मत होतं.

"पाळणा किती भार घेईल," हे म्हणाले, "हा अंदाजाचा विषय नाही. बघता येतं."

मग जे झालं त्याला तोड नाही. यांनी बाह्या सरसावल्या, शिडी मागवली, तुळई ठोकून ऐकली, कड्या बघितल्या, साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपली. पूल नवा असो वा जुना, त्यावर भरलेले ट्रक उभे करून बघतात, तसं इथं करायचं, असं यांनी जाहीर केलं. ट्रकच्या जागी ज्वारी. गयाबाईंनी घरून पोतं आणवलं. मिलिंदनं आधी पाळण्यात मऊ गोधडी अंथरली, लाकडाला ओरखडा नको म्हणून, आणि मग बायका सुपानं ज्वारी ओतायला लागल्या. प्रत्येक सुपाला हे हात वर करून थांबवायचे, कान लावायचे, मान हलवायचे. एका बाळाच्या वजनाची झाली, जुळ्यांच्या झाली, गयाबाईंच्या धष्टपुष्ट पणतवंडाच्याही झाली. पाळणा एकदाच कुरकुरला. हे खाली वाकले, ऐकलं आणि म्हणाले, "काही नाही. बऱ्याच दिवसांनी काम करतोय."

बायकांनी टाळ्या पिटल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्याकडं इतक्या कौतुकानं बघितल्याचं मला आठवत नाही.

"लाकडाचं झालं," मिलिंद हलकेच म्हणाला. "नियमाचं उरतंय. आणि मायचं."

दुपारचं जेवण गयाबाईंकडं झालं. ज्वारीच्या भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला दळून ठेवलेलं पीठ, चिमूटभर घातलं की आमटीला असा खमंग दाटपणा येतो, की मी एक मोठा डबा भरून सांगलीला आणला. गयाबाई स्वतः मात्र जेवल्या नाहीत. आम्हाला वाढायला सुनांना सांगून त्या विश्वस्तांच्या घरांकडं निघाल्या होत्या, काठी आपटत.

रविवार, पुन्हा पिंपरी

परत जायचं ठरलेलं नव्हतं. आम्हाला त्या दिवशी मकबरा बघायचा होता. पण सकाळी चहाच्या वेळी हे म्हणाले, "आपण टेस्ट केली, आता प्रत्यक्ष वाहतूक बघायला नको?" मीना तर गाडीची किल्ली घेऊनच उभी होती.

मठाच्या दारात फळ्यावर मिलिंदच्या टपोऱ्या अक्षरात नवा नियम लिहिला होता. पाळणा संग्रहालयाबाहेर जाणार नाही. पण गावात कोणत्याही गल्लीत, कोणत्याही घरी जन्मलेल्या बाळाचं नाव त्या पाळण्यात ठेवता येईल. खाली विश्वस्तांच्या सह्या आणि एक अंगठा. आदल्या संध्याकाळी गयाबाईंनी एकेकाला घरातून उठवून आणलं होतं. पहिलं बाळ कुणाचं, यावरही चर्चा झाली होती म्हणे, आणि गयाबाईंनी ती काठीनं मिटवली.

"माय येईल का, माहीत नाय," मिलिंद मला म्हणाला. त्याचा सदरा उलटा घातलेला होता, मी सांगितल्यावर त्यानं कोठडीत जाऊन नीट केला. "रात्री समदं सांगितलं तिला. नुसतं ऐकून घेतलं. बोलली काहीच नाय."

अंगण भरलं होतं. मिलिंदची बहीण वाळूजहून नवऱ्याच्या मोटरसायकलवर आली होती, कारखान्यातली रात्रपाळी उरकून तशीच. मिलिंदची बायको पूनम आली, पण तिच्या हातात बाळ नव्हतं. "आत्याबाईंजवळ हाय," तिनं सांगितलं, म्हणजे सासूजवळ. सगळ्यांच्या माना मागच्या दाराकडं वळल्या, कारण बौद्ध वस्तीकडून येणारी वाट तिकडची.

शांताबाई मागच्या दारानं आल्या नाहीत. पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, बाळाला छातीशी धरून, त्या गावाच्या मोठ्या रस्त्यानं सगळा वळसा घेऊन मठाच्या पुढच्या दरवाजातून आत आल्या. सावकाश आल्या. पाळण्यापाशी पोचेपर्यंत त्यांनी कुणाकडं बघितलं नाही.

मेजावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला होता. गयाबाई सवयीनं 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणायला तोंड उघडणार, तोच मिलिंदची बहीण म्हणाली, "आजी, आमच्यात आधी वंदना असते."

"आसं व्हय? मंग तुमचं आधी हुंदे," गयाबाई म्हणाल्या. "पर कुर्र केलेलं तर चालतंय ना?"

"त्याच्याबिगर बारसं कसलं!"

त्रिशरण झालं, पंचशील झालं. गोसाव्यांच्या समाध्यांमध्ये उभं राहून आम्हीही हात जोडले. मग शांताबाईंनी नातीला पाळण्यात ठेवलं. पाळणा कुरकुरला नाही, हे मात्र तरीही साखळीकडं बघत होते. बाळाच्या आत्यानं वाकून कानात नाव सांगितलं, विशाखा, आणि सगळ्या पोरीबाळींनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालत "कुर्रर्र!" केलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या, सुंठवड्यानं माझं नाक झणझणलं. गयाबाईंनी लगेच आपल्या पणतवाला पुढं ढकललं. तो आता चांगला पळता झालेला, हातात घुगऱ्यांची मूठ, पाळण्यात पडायला अजिबात तयार नाही. त्याच्या मागं अजून तीन-चार थोराड बाळं रांगेत होती.

"थांबा," शांताबाई म्हणाल्या. "आधी एक राहिलाय."

कुणाला काही कळेना. त्यांनी मिलिंदकडं बोट केलं.

"ये हिकडं."

"माय, लोक हायत."

"हायत म्हणूनच."

तो सहा फुटी माणूस गुडघ्यांवर बसला. चष्मा काढून त्यानं बायकोच्या हातात दिला आणि पाळण्यात लेकीच्या शेजारी डोकं टेकवलं. शांताबाईंनी एका हातानं साखळी धरून पाळण्याला अगदी हलकासा झोका दिला. मग वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. नाव कानातच सांगायची रीत आहे, पण त्यांनी आवाज दाबला नाही. अंगणात शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"मिलिंद."

मग गयाबाईंचा धपाटा शांताबाईंच्या पाठीत पडला आणि त्या पंचाहत्तरीच्या बाईनं मठ दणाणून टाकला, "कुर्रर्र!" मागोमाग सगळ्यांनी, बायकांनी, विश्वस्तांनी, आमच्या यांनीसुद्धा. शांताबाई पाठ चोळत हसत होत्या. मिलिंदनं डोळे घट्ट मिटले होते, आणि त्याच्या लेकीनं बापाचे केस मुठीत धरले होते, ते काही केल्या सोडवेनात.